समोरच्या वहिनी आणि त्यांचं जंगल

आमच्या समोरच्या वहिनींच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची: पायवाटेवरून चालणारी आणि पायवाट सोडून चालणारी. दुसऱ्या प्रकाराला त्यांच्याकडे क्षमा नाही, मग तो सख्खा नवरा का असेना.

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये आमची घरं समोरासमोर. त्यांचे यजमान आणि मी एकाच कंपनीत, म्हणून त्या माझ्या वहिनी आणि मी त्यांचा भावजी. पुण्याहून डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बऱ्याच जणी इथे सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स करतात. वहिनींनीही नाव घातलं होतं. पण एम.एस्सी. बॉटनी झालेल्या या बाईला वर्गाच्या खिडकीतून एक आजारी ओक दिसला आणि कोर्स तिथेच संपला. "झाड डोळ्यांदेखत मरतंय, भावजी, आणि मास्तर म्हणतो स्क्रीनवरचे बग शोधा!" एका पाडव्याला आम्ही श्रीखंड वाढून त्यांची वाट बघत बसलो होतो. शेवटी शोधायला निघालो, तर बाई पैठणी खोचून सायकलच्या रस्त्यावर उभ्या! एक बेडूक रस्ता ओलांडत होता आणि वहिनींनी दोन्ही बाजूंची रहदारी अडवून धरली होती. सायकलवाले डच लोक शिस्तीत थांबले होते. बेडूक मात्र निवांत होता.

मग कोविड आला. आम्ही सगळे लॅपटॉपसकट घरात कोंडले गेलो आणि उरलेलं गाव जंगलात घुसलं. गर्दी आवरायला स्वयंसेवक हवे होते. वहिनी पहिल्याच दिवशी हजर. काही महिन्यांनी तिथेच शिकाऊ बोसवाख्टरची, म्हणजे वनरक्षकाची, जागा निघाली. यजमान म्हणाले, "अगं, चाळिशी उलटली तुझी." वहिनी म्हणाल्या, "ओकच्या हिशोबाने मी अजून रोपटं आहे." मुलाखत व्हिडिओ कॉलवर, तीही डचमधून. त्यांच्या लेकीने आईचे उच्चार इतके सुधारले होते, की घरात वरण मागायचं तरी डचमध्ये मागावं लागे. "लोकांनी तुमचं ऐकलं नाही तर काय कराल?" असं त्यांना विचारलं. वहिनी म्हणाल्या, "माझ्या घरी दोन टीनएजर आहेत. सवय आहे." पलीकडचे तिघेही हसले, आणि नोकरी मिळाली.

हिरवा गणवेश त्यांना किंचित मोठा होता, रुबाब मात्र अगदी मापात. एकदा सहा फुटी माणसाने मोकळा सोडलेला कुत्रा हरणामागे धावला. वहिनींनी आधी डचमध्ये समज दिली. तो वाद घालायला लागला, तशा त्या अस्सल पुणेरी मराठीत सुरू झाल्या. त्याला एकही शब्द कळला नसेल, पण त्याने मुकाट्याने शीळ घालून कुत्र्याला बोलावलं आणि पट्टा लावला. वर सॉरीसुद्धा म्हणाला.

त्याच वर्षी पुण्यात त्यांचे वडील कोविडने गेले. विमानं बंद होती. अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गणवेश घालून निघाल्या. यजमानांना तेव्हा क्वारंटाइन होतं, म्हणून त्यांनी मला सोबत जायला सांगितलं. अंतर राखून आम्ही चालत होतो. वाटेत एक आईबाप आपल्या छोट्या मुलीला घेऊन उभे होते. वहिनींनी तिला सुतारपक्ष्याने खोडात पाडलेलं भोक दाखवलं, तो चोचीने कसा ठोकतो ते करून दाखवलं. मुलगी खिदळली. वहिनींचा आवाज कुठे हलला नाही.

ते लोक पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "शेवटच्या फोनवर बाबांनी विचारलं, तुझ्या जंगलात वाघ आहे का गं? म्हटलं, नाही. तर म्हणाले, मग राखतेस काय तिथे?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, या ना एकदा, दाखवते."

त्या हसल्या. मग शेजारच्या बीच वृक्षाच्या खोडावर त्यांनी तळहात टेकवला आणि तशाच उभ्या राहिल्या. मी बुटाची नाडी सोडली आणि जमेल तितक्या सावकाश पुन्हा बांधू लागलो.