डावीकडचा लाल कोट

डेपोत त्याला सगळे उस्ताद म्हणत. अठ्ठावीस वर्षं बस चालवली, पण गाडीला ओरखडा नाही, म्हणून नव्या चालकांना त्याच्याच शेजारी बसवून तयार करत. सीझनमध्ये अशा माणसाला सुट्टी म्हणजे उंबराचं फूल. लोकांना डोंगरावर फिरायला पोचवण्यात त्याची हयात गेली, बायकोने मात्र तो डोंगर कधी पाहिला नव्हता. शेवटी ऐन पावसात, तिथली हॉटेलं बंद झाल्यावर, चार दिवस मिळाले. मेव्हण्याची जुनी गाडी मागून आणली. सोबत मास्तर, म्हणजे त्याच्या बसवरचा कंडक्टर. अकरा वर्षांचा जोडीदार, मागे-पुढे कुणी नसलेला.

तळ्यावरच्या होड्या पालथ्या घालून ताडपत्रीने झाकल्या होत्या. संग्रहालयाच्या पहारेकऱ्याने दार वीतभर उघडलं, "पाऊस गेल्यावर या" म्हणाला आणि लावून घेतलं. दरीच्या कठड्याशी तर धुक्याशिवाय काहीच नव्हतं.

"वहिनी, दरीसुद्धा सुट्टीवर गेलेली दिसते," मास्तर म्हणाला.

"जाऊ द्या भावजी. स्वयंपाकघराच्या भिंतीपेक्षा हे धुकं बरं," ती हसून म्हणाली.

उस्ताद हसला नाही. संग्रहालयाच्या फाटकातून निघताना गाडीचा डावा आरसा खांबाला घासला होता. "ब्रेक ओले झालेत," तो पुटपुटला होता. आरशाचा आणि ब्रेकचा काय संबंध, हे बायकोने विचारलं नाही, पण तिच्या मनात पाल चुकचुकली. मास्तर तर पुढच्या सीटवरून सकाळपासून अखंड बोलत होता. डावीकडे सायकल, डावीकडे खड्डा, डावीकडे कुत्रं. तिला वाटलं, बसची सवय, सुट्टीतसुद्धा सुटत नाही.

परतीच्या उतारावर रस्त्याचं काम चाललं होतं. तिने पुढे ठेवलेला टॉवेल मागितला. तो द्यायला मास्तर मागे वळला, आणि तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं थांबलं. पुन्हा पुढे वळला तो ओरडतच, "थांबव, थांबव."

ब्रेक लागले. गाडी घसरली, तिरकी झाली आणि थांबली. डाव्या कडेला निशाण धरून उभी असलेली बाई मागच्या मागे चिखलात बसली होती. निशाणाची काठी चाकाखाली मोडली होती.

बाई उठली, अंग चाचपलं, आणि येऊन काच वाजवली. "लागलं नाही, नशीब. टाळूपासून घोट्यापर्यंत लाल कोट घातलाय मी. अजून काय करू? नाचू?"

पाऊस होता, उतार होता, ब्रेक होते. सगळी कारणं उस्तादच्या जिभेवर तयार होती. त्याने काच खाली केली.

"बाई, तुम्ही मला दिसलाच नाहीत," तो म्हणाला. "डावीकडचं मला दिसत नाही."

बाई दोन पावलं मागे सरकली. मागच्या सीटवरून बायकोने हळू विचारलं, "कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. आधी वाटलं, थकवा आहे. डेपोच्या तपासणीत समोरचा तक्ता मी धडाधड वाचतो. बाजूचं कुणी विचारतच नाही."

"आणि भावजी, तुम्ही?"

मास्तर टॉवेलची घडी घालत राहिला. "मला माहीत होतं, वहिनी. म्हणून तर बसमध्ये मी त्याच्याजवळ उभा राहायचो."

"तिकिटं द्यायला मागे गेलात की?"

उस्तादच्या डोळ्यांपुढे सकाळच्या फेरीची माणसं आली. ड्युटीवरून परतणाऱ्या नर्सा, दप्तरं सावरत रस्ता ओलांडणारी पोरं. आपण त्यांच्या जिवाशी खेळतोय, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण नोकरी गेली तर आपण कोण, या भीतीने त्याने स्वतःशीही ते कधी कबूल केलं नव्हतं.

बायकोने हात पुढे केला. "किल्ली द्या."

"तुला कुठे चालवता येते?"

"येत नाही. भावजींनाही येत नाही. म्हणून आता कुणीच चालवणार नाही."

कामावरच्या माणसांनी गाडी ढकलून कडेला लावली. तिघं पावसात पायी निघाली. खालच्या बसथांब्यापर्यंत दीड तासाची वाट होती. तिने नवऱ्याचं डावं कोपर घट्ट धरलं होतं. मास्तर दहा पावलं मागे चालत होता.

सुट्टी संपायची वाट न बघता उस्ताद दुसऱ्या दिवशी डेपो मॅनेजरसमोर जाऊन उभा राहिला. मास्तरही न बोलावता बरोबर गेला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली थेंब घालून टिकवायची होती. उस्तादचं बस चालवणं सुटलं, त्याला चौकशीच्या खिडकीत बसवलं. गप्प राहिल्याचा ठपका मास्तरवर आला आणि त्याला दुसऱ्या मार्गावर टाकलं. खिडकीतल्या पहिल्या दिवशी उस्ताद घरी आला आणि बूट न काढताच बराच वेळ बसून राहिला.

मास्तरशी ती चार महिने बोलली नाही. मग एका रविवारी तो दारात उभा दिसला, तेव्हा बाजूला होत म्हणाली, "आत या. पण माझा राग अजून गेलेला नाही."

"माझाही माझ्यावरचा गेलेला नाही, वहिनी," मास्तर म्हणाला, आणि चपला काढून आत आला.