संक्रांतीनंतरचा घेवडा

फोन आला तेव्हा मी मंचरला साड्यांच्या दुकानात गादीवर बसले होते, भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला. कमळाक्काची लेक वैशाली एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली गं." समोरचा माणूस साडीमागून साडी उलगडत होता आणि मी वेड्यासारखी "ही नको, ही नको" म्हणत राहिले... दोन महिने होत आले. लिहून काढ, मन हलकं होईल, असं सगळे सांगतात. हलकं होतंय डोंबल!

कमळाक्का आमच्या पिंपळवंडीच्या शाळेत खिचडी शिजवायची. पोरांच्या ताटात हिरवं काही पडत नाही म्हणून तिनं बुद्धविहारामागचा पडीक तुकडा मागून घेतला. काचा, प्लॅस्टिक, वेड्या बाभळी... एकटीच उपसत बसायची. मी वरच्या आळीतली. सासूबाई म्हणाल्या, "घरचा मळा सोडून तिकडं कशाला मरायला जातीस?" गेले मी. पण पहिले काही महिने प्यायचं पाणी घरून बाटलीत न्यायचे, हे लिहिताना आज लाज वाटते. कमळाक्कानं ते पाहिलं होतं, बोलली नव्हती. एकदा भर उन्हात बाटली संपली, तेव्हा तिनं तांब्या पुढं केला. "घे बाई. तहान काय आळी बघून लागती व्हय?" घटाघटा प्यायले. बाटली पुन्हा नेली नाही.

हळूहळू आम्ही दहाबाराजणी झालो, दोन्हीकडच्या. वाफे वाटून घ्यायचे नाहीत, हा तिचा हट्ट. "वाफा वाटला की बांध आला, आन् बांध आला की भांडण आलंच." शेतात करतात तसा वारंगुळा ठरला, आज हिनं खुरपायचं, उद्या तिनं. भाजी आधी शाळेला, उरली तर घरी.

तिचा सगळा जीव घेवड्यावर. जांभळ्या काठाची शेंग, बी तिच्या आईनं माहेराहून पदराला बांधून आणलेलं. बाजारात तसलं मिळत नाही. नियम एकच, संक्रांतीनंतर वेलाला हात लावायचा नाही. तेव्हाच्या शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, बियाण्याला. एकदा मी चार शेंगा ओच्यात टाकल्या तर कडाडली, "आन् पुढच्या साली पोरान्ला काय घालशील?" बी तीच वाळवायची, राख लावून डब्यात ठेवायची आणि आषाढात दाणा न् दाणा वाटून मोकळी व्हायची. आम्ही कुणी कधी एक दाणा ठेवला नाही. कमळाक्का होती ना!

ती गेली ती संक्रांतीनंतर. पुण्यानुमोदनाच्या जेवणाला काय करायचं, बायका बोलत होत्या. मीच म्हणाले, मीच! "तिच्या हातचा घेवडा तिच्याच जेवणाला नाय, आसं कसं व्हईल?" सगळ्यांचे डोळे भरून आले. सकाळी आम्ही रडत रडत वेल ओरबाडले. शेंड्याची कोवळी शेंगसुद्धा सोडली नाही. भलंमोठं पातेलं भरलं. लोक म्हणाले, लई चव व्हती. पंगत उठत आली तेव्हा वैशालीनं ताटातली शेंग बोटांत धरून माझ्याकडं पाहिलं. "मावशी, बियाला किती ठिवल्या?"

आम्हां दहाबाराजणींत एकीलाही आठवण झाली नव्हती.

त्यानंतर वेलांना पाणी घातलं, शेणखत घातलं, हात जोडले. एक फूल आलं नाही. शिमग्यापर्यंत वेलांच्या वाळून काड्या झाल्या. वैशालीनं डबा उघडून दाखवला, आत नुसती राख. जवळच्या वारूळवाडीत विचारलं, कमळाक्काच्या आजोळी जाऊन आले. तिथली म्हातारी हसली. "तसला घेवडा आता कोण लावतंय, बाई?" गेला गं तो घेवडा. तिनं आयुष्यभर जपला आणि आम्ही तिच्यावरच्या मायेनं एका जेवणात संपवला.

परवा बायका म्हणाल्या, दुकानातलं पाकीट आणू. आणतील, शेंगा लागतील, पोरं खातील. त्यांचं काही चुकत नाही. पण मी अजून रोज सकाळी तिथं जाऊन वेलांखालची माती बोटांनी चाळते. एखादी शेंग आपोआप तडकली असेल, एखादा दाणा... वैशाली मला रागाचा एक शब्द बोलत नाही, तेच सोसत नाही. काल तीही येऊन शेजारी बसली आणि माती चाळू लागली. ऊन चढेपर्यंत दोघींच्या हाती खडेच लागले.