विहिणीचं मशीन

मनोरमाबाईंच्या पोटात दुखायचं ते एकाच कारणानं, आणि ते कारण ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागातल्या त्या भाड्याच्या घरात पुढच्या खोलीच्या खिडकीशी शिवत बसलेलं असायचं. नाव विभावरी. नात्यानं विहीण, म्हणजे सुनेची आई.

सुमेध आणि गार्गी दोघंही शिकायला म्हणून न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आले आणि नोकऱ्या धरून इथलेच झाले. मुलगी सलोनी आठ वर्षांची. गार्गीची नोकरी बदलली, घरी पोरीजवळ कुणीतरी हवं झालं, म्हणून त्या वर्षी दोन्ही आज्या एकदमच येऊन राहिल्या. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथं तलवार एकच होती. दुसरी नुसती सुई.

मनोरमाबाईंचा जन्म ठाण्याच्या सरकारी कचेरीत हुकूम सोडण्यात गेला. त्या आल्या की शिपाई उभे राहत. यजमान भाऊसाहेब हयात होते तोवर सदरा घ्यायचा झाला तरी आधी बाईंना विचारत. पुढे सुमेधच्या लग्नात त्या वरमाय झाल्या आणि त्या दिवशी अंगावर चढलेला मान त्यांनी शालूसारखा घडी घालून कपाटात ठेवला नाही, रोजच्या वापरात आणला.

विभावरीबाई इचलकरंजीच्या, जुन्या वळणाच्या. मुलीच्या घरी आपण पाहुण्या, आणि व्याह्यांच्या माणसापुढे शब्द काढायचा नाही, ही त्यांची शिस्त. चहाचा पहिला कप मनोरमाबाईंना, पहिली पोळी मनोरमाबाईंना. "विहीणबाई, तुम्ही आधी." भांडावं म्हटलं तर हाताला काही लागेल तर शपथ. भांडायलासुद्धा समोरच्याची साथ लागते, आणि ती या बाईनं कधी दिली नाही.

पण सलोनी होती तिची. शाळेतून आली की दप्तर दारात टाकून पोरगी धावायची ती थेट मशीनशी. हे मशीन विभावरीबाईंनी एका चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलं होतं. त्यावर बाहुलीचे झगे व्हायचे, लायब्ररीच्या पुस्तकांची पिशवी व्हायची, आणि ते होत असताना दोघींच्या गप्पा. सलोनी इंग्रजीत बोलायची, आजी मराठीत, आणि दोघींचं कुठं अडत नसे. विभावरीबाईंना ती "अगं आज्जू" म्हणे. मनोरमाबाईंना "अहो आजी" म्हणे, कारण मोठ्यांना मान द्यावा हे मनोरमाबाईंनीच तिला शिकवलं होतं. पोरगी शहाणी. मान इथं द्यायची आणि मांडीवर तिथं जाऊन बसायची.

मनोरमाबाईंनी काय करायचं ठेवलं नाही. शंकरपाळ्या केल्या. सलोनीनं खाल्ल्या आणि मूठभर उचलून मशीनकडे नेल्या, आज्जूला भरवायला. त्या दिवशी मनोरमाबाई न्हाणीघरात नळ सोडून रडल्या. मत्सराला वय नसतं, आणि सत्तरीत तो जास्त झोंबतो, कारण तो कुणाला सांगताही येत नाही.

दोन हजार सोळाच्या सुमारास सुमेधनं ऑकलंडमध्येच, अल्बनीला घर घेतलं. नवीन, दुमजली आणि अंगानं अरुंद. खाली एकच खोली, तिला लागून बाथरूम. "दोन्ही आया खाली राहतील," गार्गी म्हणाली. "दोन बेड बसतात. मशीनचं मात्र बघावं लागेल." मनोरमाबाईंनी बाकीचं सगळं सोडलं आणि हे शेवटचं वाक्य तेवढं उचललं.

जायच्या आधी पसारा कमी करायचा म्हणून गॅरेज सेल ठरला. "आई, काय ठेवायचं काय काढायचं, तुम्हीच ठरवा," गार्गीनं सांगितलं. बऱ्याच वर्षांनी हातात कारभार आला. बाईंनी पदर खोचला. बाबागाडी, बंद पडलेला हीटर, सलोनीचे आखूड झालेले पोहायचे टॉग्स, एकेकटे उरलेले जॅण्डल्स म्हणजे रबरी चपला, आणि मराठी मंडळातल्या हळदीकुंकवांना वाण म्हणून मिळालेल्या प्लॅस्टिकच्या डब्यांची उतरंड, सगळं गॅरेजमध्ये गेलं. मग त्या पुढच्या खोलीत आल्या.

"विहीणबाई, हे मशीन काही तिथं मावायचं नाही. काढून टाकूया का?"

विभावरीबाईंचा हात चाकावर थांबला. सुईखाली सलोनीचा झगा होता, अर्धा शिवलेला. मनोरमाबाईंनी पुढचे मुद्दे तयार ठेवले होते: जागा, आवाज, धूळ. एकही लागला नाही.

"तुम्हाला योग्य वाटेल तसं," विभावरीबाई म्हणाल्या.

सुंठेवाचून खोकला गेला. गार्गीनं रात्री जेवताना विचारलं, "आई, तुझं मशीन कशाला काढलंस?" तर विभावरीबाई म्हणतात, "मुलीच्या घरी माझं काय असायचंय? त्यांनी ठरवलंय ते बरोबरच आहे." झगा पुरा केला, मशीनला तेल दिलं, पुसून लखलखीत केलं आणि स्वतः गॅरेजमध्ये ठेवून आल्या.

शनिवारी उजाडताच गिऱ्हाईकं आली. कोपऱ्यावरच्या डेअरीसमोर, म्हणजे इथल्या किराणा दुकानासमोर, सुमेधनं पाटी लावली होती. मनोरमाबाई गॅरेजच्या तोंडाशी खुर्ची टाकून, मांडीवर पैशांचा डबा घेऊन बसल्या. मशीन सगळ्यांत पुढं, आणि त्यावरची किंमत अशी की कुणाचाही पाय अडावा.

"आई, अगं चांगलं चालतंय ते. एवढ्या स्वस्तात?" सुमेध म्हणाला.

"जाऊ दे. जागा होते."

कूक बेटांकडची एक थोराड बाई आली, केसांत फूल खोवलेली. तिनं चाक फिरवून पाहिलं आणि मनोरमाबाईंना विचारलं, हे नीट चालतं का? मनोरमाबाईंना काय ठाऊक? झक मारत विभावरीबाईंना हाक मारावी लागली. त्या आल्या, दोरा ओवला, चिंधीवर टीप घालून दाखवली. त्या बाईनं आपल्या गाडीतून एक भलीमोठी चादर आणली, रंगीत कापडाची फुलं कापून तिच्यावर टाचलेली. विभावरीबाईंनी आतून आपली गोधडी आणली. मग काय, दोघी गॅरेजच्या फरशीवर ऐसपैस बसल्या, एकमेकींचे टाके उलटून बघायला लागल्या, मध्ये सलोनी दुभाषी. हीटर बघायला आलेली माणसंसुद्धा हीटर सोडून तिकडं बघत उभी राहिली. मनोरमाबाई डबा धरून बसल्या होत्या. मशीन विकायला काढलं तरी विहीण तिथंही भाव खाऊन गेली.

मशीन गाडीत चढलं. जाताना त्या बाईनं विभावरीबाईंना मिठी मारली. गाडी वळली आणि सलोनीनं भोकाड पसरलं. "Why would you sell it, आज्जू?"

"अगं, जागा नाही ना तिथं. रडू नकोस," विभावरीबाईंनी तिचं नाक पुसलं. मनोरमाबाईंकडे त्यांनी पाहिलंही नाही. एकदा रागानं पाहिलं असतं तरी चाललं असतं. उलट बरं वाटलं असतं.

अल्बनीला सामान लागलं. खालच्या खोलीत दोन पलंग मांडून झाले, आणि विभावरीबाई आपली बॅग घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

"विहीणबाई, तुम्ही इथं मोकळ्या राहा. तुमचे गुडघे दुखतात. मी मध्ये कशाला? मी आपली वर पोरीच्या खोलीत पडेन."

"अहो, दोन पलंग मावलेत की," मनोरमाबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"नाही नाही. तुमची सोय आधी."

सलोनीनं उडीच मारली. "Sweet as!" आणि आज्जूची बॅग ओढत जिना चढलीसुद्धा. "आई किती समजून घेते ना," गार्गी कौतुकानं म्हणाली. मनोरमाबाई हसल्या. दुसरं करणार काय?

म्हणजे खोली मिळाली. आख्खी. खिडकी, कपाट, बाथरूम, सगळं एकटीचं. वाटेकरी नाही. आणि डोक्यावरच्या तक्तपोशीतून संध्याकाळभर दोघींचं खिदळणं गळत राहायचं. रॉस्किलला निदान मशीनच्या खडखडाटात ते बुडायचं. आता दोघी हातानंच शिवत होत्या, आणि हातशिलाईला आवाज नसतो. हसणं स्पष्ट ऐकू यायचं.

एका रविवारी दुपारी सुमेध-गार्गी मॉलमध्ये गेले होते. वर काहीतरी फारच मजेचं चाललं होतं. मनोरमाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं, मग उशी कानावर घेतली, मग उठल्या. कठड्याला धरून एकेक पायरी चढू लागल्या. गुडघ्यांतून कळा येत होत्या. आपण वर काय बोलणार, हे त्यांनी जिन्यातच ठरवलं: मलाही घ्या तुमच्यात. दोरा धरायला सांगा, गाठ मारायला सांगा, काहीही सांगा. आयुष्यात असं कुणाकडे मागितलं नव्हतं. आता मागणार होत्या.

दार अर्धं उघडं होतं. पलंगावर दोघी एकाच गोधडीखाली पाय घालून बसल्या होत्या. सलोनी शाळेतल्या कुणाची तरी नक्कल करत होती आणि विभावरीबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. मनोरमाबाईंनी दार लोटलं.

विभावरीबाई झटकन खाली उतरल्या. कापड, सुई बाजूला घेतली, गोधडीची घडी केली, चादर हातानं साफ केली. "या विहीणबाई, बसा. आम्हाला हाक मारायची, आम्ही आलो असतो खाली." सलोनीही उतरली, फ्रॉक नीट केला आणि शहाण्या मुलीसारखी आज्जूच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

मनोरमाबाई बसल्या. पलंग अजून उबदार होता. जिन्यात ठरवलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं, पण समोर दोघी अशा अदबीनं उभ्या होत्या की ते तिथंच अडलं.

"चालू द्या तुमचं," त्या कशाबशा म्हणाल्या. "मी आपली नुसती आले."

"हो, हो," विभावरीबाई म्हणाल्या. पण बसलं कुणीच नाही.