ओदिलच्या बाईचा उजवा पाय

ब्राँझच्या पुतळ्यावर बसलेली धूळ पावसाने जाते. किस्से मात्र एकदा बसले की कोणत्याही पावसाने जात नाहीत. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्स गावी तळ्याकाठी बसलेल्या आमच्या बाईवर इतके किस्से साचले आहेत की त्यांतले खरे कोणते, हे लोक आता मला विचारू लागले आहेत. म्हणून प्रारंभीच माझा वाटा स्पष्ट सांगते. त्या बाईच्या पायाला पहिला नमस्कार मी केला. पुढे तिला तेथून उचलून नेण्याची वेळ आली, ती त्या नमस्कारामुळेच. तरीही मला त्याचा यत्किंचितही पश्चात्ताप नाही.

ही बाई लाकडी बाकाच्या एका टोकाला बसली आहे. वय चाळिशीच्या पुढचे, अंगात साधा कोट. एक बूट काढून तिने हातात धरला आहे आणि तो उजवा पाय अनवाणी, सैल, थेट लाल पायवाटेपर्यंत पुढे सोडला आहे. खाली चौथरा नाही. ओदिल मारशॉ या फ्रेंच शिल्पकर्तीने चौथऱ्याला साफ नकार दिला होता, असे पुढे कळले. "दमलेल्या बाईला उंचावर कशाला चढवता?" असे ती म्हणाली म्हणे.

*

साताऱ्याच्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन मी मुलाकडे आले, तेव्हा नात ईरा प्राथमिक शाळेत होती. एके सकाळी तिला शाळेत पोचवताना समोरून सायकल आली. मी बाजूला सरले आणि माझा बूट बाईच्या अनवाणी पायावर आदळला. हात आपोआप खाली गेला; बोटे आधी त्या पायाला लागली, मग माझ्या कपाळाला.

"आजी, हे काय केलंस?"

"कुणाला आपला पाय लागला की नमस्कार करायचा असतो."

ईराने बाईकडे पाहिले, मग माझ्याकडे. "पण आजी, वाटेत पाय तर तिनं टाकलाय. शी शुड डू इट!"

तर्क बिनचूक होता. ईराने मात्र स्वतःही वाकून घेतले. त्या दिवशी तिची स्पेलिंग टेस्ट होती. सगळे शब्द बरोबर आले! ही वार्ता ईराकडून मैत्रिणीकडे, मैत्रिणीकडून तिच्या आईकडे आणि आईकडून मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली. इलेव्हन प्लसच्या, म्हणजे माध्यमिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेच्या सकाळी बाईपुढे रांग होती. एक तरुण बाप आपल्या मुलाला दटावत होता, "नीट टच कर रे! हाफ-हार्टेड नको!"

*

त्याच बाकाशी माझी दोन माणसांशी ओळख झाली. मधुकरराव तांबे हे वीज मंडळातले निवृत्त अभियंता, बोलण्याआधी मोजणारे. प्रमिलाताई वानखेडे नागपूरच्या, निवृत्त परिचारिका, बौद्ध चळवळीत आयुष्य घातलेल्या; मोजण्याआधी बोलणाऱ्या. नातवंडांना शाळेत सोडून आम्ही तिघे बाईशेजारी टेकत असू.

बाईने बूट का काढला असावा, हा आमचा पहिला वादविषय.

"कुरूप झालंय तिला," मधुकरराव म्हणाले. "बुटाचा साइझ चुकलाय. ऑब्व्हियस आहे."

"मधुकरराव, तुम्ही कधी दिवसभर उभं राहून नोकरी केली काय?" प्रमिलाताईंनी विचारले.

"नाही. टेबल होतं मला."

"मग तुम्हाला नाही समजायचं."

वाद मिटावा म्हणून मी वाचनालयात गेले आणि ओदिलबद्दल मिळेल ते वाचले. तिची आई धोबीखान्यात उभ्याने काम करी आणि घरी आल्यावर, दिवाही लावण्याआधी, बूट काढी. ओदिलच्या उमेदीच्या काळात बरोबरीचे सारे शिल्पकार त्रिकोण, गोल आणि भोके करीत होते. ती मात्र माणसेच घडवीत राहिली. समीक्षकांनी तिला जुनाट ठरवले, तेव्हा ती म्हणाली, "माणसाचा पाय जुना झाला की मला कळवा."

हे मी बाकावर वाचून दाखवले. प्रमिलाताईंनी फक्त मधुकररावांकडे पाहिले.

"ठीक आहे," मधुकरराव म्हणाले, "पण कुरूपही असू शकतं."

*

पुढे वाचनालयातच ओदिलवर व्याख्यान झाले. वक्ते होते ल्युक. हे गृहस्थ तरुणपणापासून ओदिलच्या कार्यशाळेत मदतनीस होते, आणि तिच्या मृत्यूनंतर तिच्या शिल्पांबाबतचा शब्द त्यांचाच असतो. त्यांनी सांगितले की ओदिल समोर बसलेल्या माणसाला कधी स्थिर बसू देत नसे. त्याला वाटाणे सोलायला लावी, भांडायला लावी. "स्थिर माणूस खोटे बोलतो," असे तिचे मत. एकदा पूर्ण झालेला पुतळा तिने फोडून टाकला, कारण त्याची मान 'सभ्य' दिसत होती!

प्रश्नोत्तरांत सौंदर्य, वेदना, स्त्रीत्व असे पुष्कळ काही झाले. मग मधुकरराव उभे राहिले. "सर, व्हॉट इज द थिकनेस?"

मी मान खाली घातली. ल्युक यांचा चेहरा मात्र उजळला. इतक्या वर्षांत हे कोणीच विचारले नव्हते, म्हणाले. पुतळा आतून पोकळ आहे. ब्राँझचा थर बोटाच्या पेरापेक्षाही पातळ.

दुसऱ्या दिवशी मधुकररावांनी बाईच्या खांद्यावर टकटक करून पाहिले. "पोकळ! करेक्ट!"

"आणि आपण रोज पाय चोळतो तिचा," मी म्हणाले. "झिजेल की हो!"

त्यावर मधुकररावांनी वाकून पायावरही एकदा टकटक केली.

*

प्रमिलाताई बाईला नमस्कार करीत नसत. "पाया पडलं की माणूस समोरच्याचं ऐकणं सोडतो," असे त्यांचे म्हणणे. त्या बाईच्या शेजारी बसत आणि विचारीत, "थकली का गं?"

एका कडक दंवाच्या सकाळी आम्ही पोचलो, तर बाईच्या अनवाणी पायात लाल लोकरीचा मोजा! जाणारे-येणारे फोटो काढीत होते. दोन दिवसांत त्या पुतळ्याची देखभाल करणाऱ्या न्यासाची अधिकारी हेलन धावत आली.

"हे कोणी घातलं?"

"मी," प्रमिलाताई म्हणाल्या. "तिचा पाय गार पडला होता."

"पण ती ब्राँझची आहे!"

"म्हणून तर जास्त गार!"

हेलनने स्वतः मोज्यात बोटे घालून पाहिली आणि पटकन मागे घेतली. मग तिने मोजा हलकेच उतरवला. खाली तो पाय सोन्यासारखा चकाकत होता. बाकीची सारी बाई काळपट, आणि पाऊल तेवढे पिवळेधमक. हेलन त्याकडे बघतच राहिली. "इथे नेमकं चाललंय काय?"

मी सारे सांगितले. नमस्कार, स्पेलिंग टेस्ट, रांग. काहीही लपवले नाही.

*

महिन्याभरात कळले की न्यासाच्या मनात बाईला कलादालनात हलवायचे आहे. आत, दोरीच्या पलीकडे, 'स्पर्श करू नये' या पाटीमागे. पायही पुन्हा काळा करणार! ल्युक येणार होते आणि निर्णय पुतळ्यापाशीच होणार होता.

माझ्यापुरते बोलायचे, तर या देशात सून मला आई म्हणते आणि दुकानदार लाडाने 'लव्ह' म्हणतात. 'बाई' अशी हाक मारणारी माणसे मला त्या बाकावरच मिळाली. हलवल्यावर तेथे रिकामा बाक उरणार होता, आणि रिकाम्या बाकाशी कोणी थांबत नाही.

"बाई, तुम्ही बोला," मधुकरराव म्हणाले. "तुमचं इंग्लिश करेक्ट आहे."

"आणि आवाज शाळेचा आहे," प्रमिलाताईंनी जोड दिली.

*

सभेला न्यासाचे अध्यक्ष आले होते. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ, बूट असे लकाकणारे की त्यांत तळे दिसावे. सोबत दोन विश्वस्त, हेलन, ल्युक आणि आम्ही तिघे.

अध्यक्षांनी भूमिका मांडली. पुतळा अनमोल आहे, धातू पातळ आहे, लोक भावनेच्या भरात त्याची हानी करीत आहेत. "पुतळ्याला माणूस समजणं गोड आहे," ते म्हणाले, "पण आपण इथे मोठी माणसं आहोत."

ल्युकनी माझ्याकडे पाहिले. मी उभी राहिले. "महोदय, पाय झिजतो, हे खरे. उंबरठाही झिजतो. म्हणून आम्ही तो उचलून कपाटात ठेवत नाही."

"सुरेख," अध्यक्ष म्हणाले, "पण उंबरठा नवा बसवता येतो. ओदिल मारशॉ आता नवी कुठून आणायची?"

मी परत बाकावर टेकले. प्रमिलाताईंनी माझा हात धरला. ल्युकही खाली पाहू लागले. ओदिलला काय हवे असते, ते आपणही छातीठोक सांगू शकत नाही, म्हणाले, कारण तिचे मत रोज बदले.

"मग मतदान घेऊ," अध्यक्ष म्हणाले आणि सर्वांचे हात नीट दिसावेत म्हणून दोन पावले मागे सरले. त्यांची टाच बाईच्या अनवाणी पायावर आदळली.

ते झटकन वळले, कमरेत किंचित वाकले आणि अतिशय अदबीने तिला म्हणाले, "ओह, आय अ‍ॅम सो सॉरी!"

तळ्यावरची बदके तेवढी बोलत होती.

मतदान झाले. बाई जेथे आहे तेथेच राहील, पाय काळा करायचा नाही, असे ठरले. धातूची जाडी दरवर्षी मोजावी, ही मधुकररावांची सूचना मान्य झाली. मोजा फक्त दंव पडल्यास घालावा, ही हेलनची दुरुस्ती प्रमिलाताईंनी कुरकुरत स्वीकारली. ओदिलच्या वतीने ल्युक यांनी संमती दिली. दोन्ही विश्वस्तांनी हात वर केले.

त्यांच्याही आधी अध्यक्षांचा हात वर गेला होता.