बुधवारी मामाची वेळ

माझा मामा शिंपी. दुसऱ्याच्या पोटाचा घेर नुसत्या नजरेने सांगेल, पण स्वतःच्या पोटातलं ओठावर येऊ द्यायचा नाही. मामी गेली तेव्हा भेटायला आलेल्यांना यानेच धीर दिला, आणि ते गेल्यावर कुणाची तरी पँट आखूड करायला बसला.

मग त्याची झोप उडाली. अन्न जाईना. आमच्याकडे दाताचा डॉक्टरसुद्धा आठवड्यातून एकदा येतो, मनाचा कुठून आणायचा? शेवटी मीच मोबाइलवर एका समुपदेशक बाईंची वेळ घेऊन दिली, दर बुधवारी संध्याकाळी.

"अगं, आता मोबाइलसमोर रडू का मी?" मामा म्हणाला. पण बसला.

अडचण होती जागेची. घर दोन खोल्यांचं. बाहेर मुलगा, सून, दोन नातवंडं. आत मामा आणि त्याचं मशीन. मधे दार नाही, नुसता पडदा. तेव्हा या शहाण्याने युक्ती काढली. कानात इअरफोन घातले, सुईतला दोरा काढला आणि बोलताना रिकामं मशीन धडधडत ठेवलं. बाहेरच्यांना वाटावं, काम चाललंय.

आता कान बंद करून, मशीनच्या वरताण बोलायचं म्हणजे माणूस किती मोठ्याने बोलेल? हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. तो चक्क ओरडत होता.

"घर भरलेलं आहे हो बाई! पण माझ्याशी कुणी बोलत नाही! जेवायला या, एवढंच!"

बाहेर ताटं मांडणारी सून जागच्या जागी थिजली. "आजोबा कुणावर ओरडतायत?" नातवाने विचारलं, तर बापाने त्याला गप्प केलं.

हे मला सुनेनेच फोनवर सांगितलं. "ताई, आता काय करू आम्ही?"

"त्याच्याशी बोला. दुसरं काय?"

"छे! आम्ही ऐकलं हे कळलं तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होईल."

माणसं वाईट नाहीत, म्हणून तर माझा जास्त जीव जळतो. वाईट असती तर मी भांडून मोकळी झाले असते.

पुढच्या बुधवारी चहा झाल्यावर सगळे चपला घालून उभे राहिले. "बाबा, आम्ही जरा फिरून येतो," मुलगा म्हणाला. "तुमचं निवांत चालू द्या." पोरांनाही घेऊन गेले.

पुढचं मामानेच मला सांगितलं, इकडे तिकडे बघत.

बाईंनी विचारलं, "आज मशीनचा आवाज नाही?"

"घरात कुणी नाही."

"अरे वा! मग आज मोकळेपणाने बोलता येईल."

मामा सुईत दोरा ओवायला लागला. ओवता ओवता म्हणाला, "बाई, मागच्या वेळी मी बोललो ना, ते घरच्यांना ऐकू गेलं असणार."

"मग? काय म्हणाले ते?"

"काही नाही. फिरायला गेले."