मोतीरामअण्णांचा चेकर

बत्तीस वर्षं एस्टीत काढलेल्या कंडक्टरला जगात एकाच प्राण्याची भीती असते, आणि तो म्हणजे चेकर. नाशिक-कळवण गाडीवरचे मोतीरामअण्णा गांगुर्डे तर रस्त्याच्या कडेला पांढऱ्या शर्टातला कोणीही उभा दिसला, की आधी सगळ्या प्रवाशांची तिकिटं पुन्हा विचारायचे. तेच अण्णा निवृत्तीनंतर तीन वर्षं काखेत वही मारून नाशिकभर चेकर शोधत हिंडले.

वहीत अण्णांचा शोध होता. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही, हे शाळेत सगळेच शिकतात आणि पेपर देऊन विसरतात. अण्णा विसरले नाहीत. तिकिटांचे नंबर बघता बघता त्यांच्या लक्षात आलं, की एकतीसपासून तिसातिसाचा टप्पा घेत गेलं की प्रत्येक थांब्यावर मूळ संख्याच उभी असते. एकतीस, एकसष्ट, एक्क्याण्णव. पुढं एकशे एकवीस आडवा यायचा, कारण अकरा अकरा एकशे एकवीस हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण अण्णांनी त्याला 'विनंती थांबा' ठरवलं आणि गाडी पुढं काढली. अठरा वर्षांत दोनशे पानं भरली. आता कोणीतरी जाणत्याने ती शेवटपर्यंत वाचावीत, चूक की बरोबर ते लिहावं आणि खाली सही करावी, एवढीच त्यांची इच्छा होती. लोक मात्र पहिलं पान बघायचे, "छान छंद आहे" म्हणायचे आणि वही मिटायचे. अण्णांना ते फार लागायचं.

शेजारच्या भिमाजींनी 'मुळाचं काम' एवढंच ऐकलं आणि त्यांना रामकुंडाजवळच्या एका गुरुजींकडे धाडलं. गुरुजींनी पंचांग उघडलं. "मूळ नक्षत्रावर काय झालंय? मुलगा की मुलगी?"

"संख्या," अण्णा म्हणाले.

"किती?"

"लय हायेत. संपतच नाय."

गुरुजींनी घाईघाईने पंचांग मिटलं.

मग एका कॉलेजातले प्राध्यापक म्हणाले, की त्यांचा विषय भूमिती, हे त्यांच्याकडे येत नाही. अण्णांना ते लगेच पटलं. पेठच्या गाडीतला कंडक्टर कळवणचं तिकीट कसं फाडणार?

शेवटी जुना ड्रायव्हर सहादू कामी आला. त्याची भाची निकिता मूळ संख्यांवरच डॉक्टरेट करून आली होती. रविवारी ती घरी येणार म्हणून अण्णांनी खाकी शर्टाला इस्त्री केली. त्यांची बायको मालनबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या. मागे एकदा त्यांनी वही उघडली होती, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "ठेव ती, तुला काय कळतंय त्यातलं?" अण्णा ते विसरले होते. मालनबाई विसरल्या नव्हत्या.

निकिताने पहिलं पान वाचायला घेतलं. "एकतीस, एकसष्ट, एक्क्याण्णव..." आणि ती थांबली.

"तेरा साते," मेथीवरची नजर न काढता मालनबाई म्हणाल्या.

"काय?" अण्णा म्हणाले.

"तेरा साते एक्क्याण्णव. भाग जातोय की."

अण्णांनी निकिताकडे पाहिलं. तिने हळूच मान डोलावली. शाळेत तेराचा पाढा चालला होता तेव्हा अण्णा गोवर येऊन घरी पडले होते. बारापर्यंत पाठ, चौदापासून पुढं पाठ, मधला तेरा जन्माचा राहून गेला. त्याच तेराने आज वहीचे तीनतेरा वाजवले.

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुला ठाऊक व्हतं, तर इतकी वर्षं बोलली का नाय?"

"मला कुठं दाखवली वही? गावभर दाखवत हिंडले तुम्ही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! पण अण्णांचा पडलेला चेहरा बघून मालनबाईच विरघळल्या. "अहो, त्यालाबी विनंती थांबा करा की."

"काकू, पुढे तीनशे एकलाही भाग जातो," निकिता हसू दाबत म्हणाली. "सात गुणिले त्रेचाळीस."

"मंग ती एक्स्प्रेस गाडी नाय राहिली," मालनबाई म्हणाल्या.

अण्णा कंडक्टरच होते शेवटी. पकडलं गेलं की वाद घालायचा नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी खिशातलं पेन निकितापुढे धरलं. "मॅडम, चूक लिहा आणि सही करा."

"सही काकूंची, काका. पकडलंय त्यांनी."

मालनबाईंनी हात पदराला पुसले, वही मांडीवर घेतली, 'चूक' असं ठळक लिहिलं आणि खाली आपलं पूर्ण नाव. अण्णांनी वही घ्यायला हात पुढं केला. त्यांनी दिली नाही. चष्मा लावला, नवऱ्यासारखी बोटाला थुंकी लावली आणि पान उलटलं. तीन वर्षांत दुसऱ्या पानावर पोचलेलं ते पहिलं माणूस.

"थांबा जरा," मालनबाई म्हणाल्या. "अजून एकशे नव्व्याण्णव राहिलीत."