बसलिंगाप्पांची चार चाकं

हुपरीच्या बसलिंगाप्पांचा आयुष्यात एकाच गाडीवर जीव जडला, आणि ती नेमकी दुसऱ्याची होती.

गाडी होती त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त बाळासो यांची. शहाण्णव साली बाळासोंनी ती मुंबईच्या एका डॉक्टरकडून घेतली, तेव्हाच तिची आठ वर्षं सरली होती. जपानी बनावटीची, जडशीळ, उंच, आत मऊ कातडी सीटा, आणि विशेष म्हणजे मनात आणलं तर चारही चाकांना ओढ देणारी. हुपरीत तोवर जीप, मोटारी, ट्रक सगळं येऊन गेलं होतं, पण असला ऐवज कुणी बघितला नव्हता. गल्लीत ती वळवायची म्हणजे आधी दोन सायकली, एक गाय आणि कोपऱ्यावरचा पानवाला हलवावा लागे.

दोघांचाही धंदा चांदीच्या पैंजणांचा. त्यातही बाळासोंचा मान वेगळा. चांदीचा तुकडा ते कसोटीच्या दगडावर एकदा घासत, डोळे बारीक करून बघत आणि कस सांगत. गावात तो शेवटचा शब्द. कडाकडा भांडत आलेले व्यापारी त्यांच्या कट्ट्यावर चहा पिऊन मुकाट्यानं घरी जात. बसलिंगाप्पांना दोस्ताचा याबाबतीत फार अभिमान होता, मात्र तो त्यांनी तोंडावर कधी बोलून दाखवला नाही. आपल्याकडे दोस्ताची स्तुती त्याच्या पाठीमागेच करायची असते.

अमावस्येला कारखाने बंद. त्या दिवशी दोघं गाडी काढून कुरुंदवाडला जायचे, बासुंदी खायचे आणि परत यायचे. बाळासो चालवायला, बसलिंगाप्पा शेजारी. अशी सात वर्षं गेली. जाताना बोलत, येताना पेंगत. एवढ्या सुखाला कुणाची दृष्ट लागली कुणास ठाऊक, पण दोन हजार तीन साली बाळासोंचे गुडघे गेले. गाडीत चढायला खाली पाट ठेवावा लागू लागला. एक दिवस त्यांनी किल्ली बसलिंगाप्पांच्या हातात दिली आणि म्हणाले, "तूच घे. दुसऱ्याला द्यायला जीव हुईना माझा."

व्यवहार दोन वाक्यांत मिटला. मग बाळासोंनी शेजारी बसून सगळं समजावलं. "ही मोठी दांडी गिअरची. आनि ही बारकी हाय न्हवं, तिला हात लावायचा न्हाय. चिखलात रुतलास तरच."

"व्हय, व्हय," बसलिंगाप्पा म्हणाले. पण त्यांचं लक्ष होतं समोरच्या लाकडी पट्टीतल्या घड्याळाकडे. गेली सात वर्षं ते घड्याळ डाव्या बाजूनं दिसत होतं, आज सरळ समोरून दिसत होतं. माणसाच्या कानांना कुलूप लावायला एवढं पुरतं.

पुढच्याच आठवड्यात, एकटे पेठ वडगावला निघाले असताना त्यांनी ती बारकी दांडी नीट बघितली. मुठीवर दोनाचा आणि चाराचा आकडा होता. दांडी दोनावर होती. म्हणजे चार चाकांची गाडी घेऊन दोनच चाकं राबत होती आणि दोन फुकट फिरत होती!

इथं बसलिंगाप्पांचा स्वभाव सांगायला हवा. ज्यांच्या कारखान्यात चांदीचा कण वाया जाऊ नये म्हणून जमिनीवरचा केर पोत्यात भरून ठेवतात, कारागिरांनी हात धुतलेलं पाणीसुद्धा हौदात साठवतात, त्या माणसाला दोन चाकं रिकामी ठेवणं कसं सोसावं? बाळासो इतका चोख माणूस, पण ह्या बाबतीत ढिलाच, असं मनाशी म्हणत त्यांनी दांडी चारावर ओढली. मीटरच्या काचेमागे एक हिरवा दिवा लागला. तोही छान दिसला. मग ती दांडी तिथंच राहिली, आणि त्यांच्या डोक्यातून ती गोष्ट कायमची गेली. त्यांच्या बायकोनं, गंगव्वांनी, दोन्ही दांड्यांच्या मुठींना लोकरीची लाल टोपडी विणून घातली तेव्हा तर आकडेही झाकले गेले.

दोन महिन्यांत गाडी कण्हायला लागली.

सरळ रस्त्याला ठीक. पण वळण आलं, की खालून हुंदका दिल्यासारखा आवाज यायचा, गाडी अडखळायची आणि स्टेअरिंग हातात जड व्हायचं. डिझेल तर अशी प्यायची की पंपावरचा माणूस नमस्कार करू लागला. बसलिंगाप्पा चक्रावले. सात वर्षं शेजारी बसून कधी हा आवाज ऐकला नव्हता. त्यांनी कोल्हापूरला एका मिस्त्रीला दाखवली. त्यानं टायर बदलायला लावले. दुसरा म्हणाला, टायरचा काय संबंध, दोष स्टेअरिंगचा. तिसऱ्यानं स्प्रिंगचे पाटे उतरवून पुन्हा चढवले. चौथ्यानं गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, बॉनेटवर हात ठेवला आणि वय झालं म्हणाला. पाचव्यानं लिंबू बांधायला सांगितलं, आणि खरं सांगायचं तर पाचांत स्वस्त आणि मस्त उपाय तोच होता. गोम अशी, की बसलिंगाप्पा स्टेअरिंगवर कुणाला बसू देत नसत. मिस्त्री शेजारी बसून कान लावायचा, आणि लाल टोपड्याखाली काय आहे ते बघायचं कुणाच्या डोक्यात येत नसे.

गाडीचं कोडं एकीकडे. त्यांना खरी झोंबत होती ती दुसरी गोष्ट. बाळासोनं आपल्याला खोटा माल दिला?

बसलिंगाप्पांच्या घराण्यात वडिलांनी घालून दिलेली एक रीत होती. कुणाची चांदी कसाला कमी निघाली, तर भांडायचं नाही, विचारायचं नाही, चार लोकांत बोलायचं नाही. फक्त त्या दारात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. समोरचा काय ते समजतो. ही रीत पाळून तीन पिढ्या धंदा अब्रूनं चालला होता. म्हणून बसलिंगाप्पांनी बाळासोंच्या कट्ट्यावर जाणं बंद केलं. अमावस्या आली आणि गेली. कुरुंदवाड तिथंच राहिलं.

"अवो, एकदा जाऊन इचारा की," गंगव्वा म्हणायच्या. "का आनि कसं, त्यांच्या तोंडनं तरी कळंल."

"इचारायचं काय त्यात? त्याला म्हाईत हाय."

"म्हाईत असतं तर दिली असती व्हय तुमास्नी?"

यावर बसलिंगाप्पा उठून घरामागच्या परड्यात जात. गुंजभर चांदीत ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला फसवलं नाही, तो गाडीत कसा फसवील? आणि फसवलं नसेल, तर मग ही कण्हते का? एक खरं धरावं तर दुसरं खोटं पडायचं. रात्री बरी वाटणारी बाजू सकाळी पटायची नाही. बाळासोंचा राग येई, आणि तो येताच स्वतःचीच लाज वाटे. गावातून जाताना बाळासोंच्या घरापुढच्या वळणाला पर्याय नव्हता. तिथं गाडी हटकून कण्हायची. बाळासो कट्ट्यावर बसलेले असायचे, मान वर करायचे आणि खाली घालायचे. बसलिंगाप्पा समोर बघत निघून जायचे. खाली घातलेली ती मान बघून त्यांची खात्री व्हायची, की चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आणि घरी पोचेपर्यंत ती खात्री पुन्हा विरघळून जायची.

दोन वर्षं हा खेळ चालला. मग दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर शिरोलीजवळ वळण घेताना खालून धाडकन आवाज झाला आणि गाडी जागेवर बसली. जवळच पत्र्याच्या शेडमध्ये आकाराम नावाचा मिस्त्री होता. फौजेत वीस वर्षं डोंगरातल्या गाड्या चालवून, दुरुस्त करून पेन्शनीत आलेला. त्यानं गाडीखाली सरपटून बघितलं. पुढच्या चाकाकडे जाणारा सांधा तुटला होता. आठ दिवसांनी तो बसवून झाल्यावर आकारामनं हात पुढे केला.

"किल्ली द्या. फिरवून बघतो."

"मी चालवतो, तुमी ऐका."

"पावणं, चालवल्याबिगर मला कळत न्हाय. उतरा खाली."

फौजेतला आवाज होता, बसलिंगाप्पा उतरून शेजारी बसले. आकारामनं शेडसमोरच्या डांबरी मैदानात पहिलं वळण घेतलं, गाडी कण्हली, आणि त्यानं लगेच ब्रेक मारला. हिरव्या दिव्याकडे बघितलं. मग बारक्या दांडीवरचं लाल टोपडं काढून हातात घेतलं.

"हितं चिखल कुठं हाय, पावणं?"

"चिखल?"

"मग चारावर कशापाय घातलीया? कवापासनं हाय अशी?"

बसलिंगाप्पांनी बोटं मोजली. "दोन वर्सं."

आकारामनं इंजिन बंद केलं. मग त्यानं समजावलं. वळणावर पुढची चाकं जास्त लांब जातात, मागची कमी. चिखलात चाकं जरा घसरून जमवून घेतात. डांबरी कोरड्या रस्त्यावर त्यांना घसरता येत नाही, आणि चारी एकत्र जखडलेली असली की ती एकमेकांशीच झुंजतात. "आनि आवाज कसला म्हणतासा? चौघांस्नी एका दोरीत बांधून वळणावर पळवलं तर बोंबलतील का न्हाय? गाडी फर्स्टक्लास हाय. सांदा तुमी तोडलासा."

त्यानं दांडी दोनावर टाकली आणि तेच वळण पुन्हा घेतलं. गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी वळली. कसलाही आवाज नाही. दोन वर्षं ज्या शांततेसाठी बसलिंगाप्पांनी पाच गॅरेज पालथी घातली, ती अखेर मिळाली होती. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण ते विझलेल्या हिरव्या दिव्याकडेच बघत राहिले.

"इकताना मालकानं सांगितलं न्हवतं व्हय?" आकारामनं विचारलं.

"सांगितलं हुतं," बसलिंगाप्पा म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

ते तिथून सरळ हुपरीला आले, ते बाळासोंच्या दारात. कट्टा रिकामा होता. बाळासोंच्या बायको चिमणाबाई बाहेर आल्या आणि दोन वर्षांनी दारात उभा राहिलेला माणूस बघून दारातून बाजूला सरकल्या. मग म्हणाल्या, "या भावजी. आत हायती."

बाळासो खाटेवर बसले होते. कोनाड्यात नेहमी असणारा कसोटीचा दगड दिसत नव्हता. बसलिंगाप्पांना पहिल्यांदा तेच जाणवलं, आणि बोलायचं होतं ते सोडून त्यांनी तेच विचारलं.

"दगड कुठाय?"

"त्यांनी बंद केलं भावजी," चिमणाबाईंनीच उत्तर दिलं. "दोन वर्सं झाली. कोन चांदी घिऊन आलं की म्हणत्यात, माझ्या नजरंवर इस्वास ठिऊ नगा. सात वर्सं गाडी वापरली, तिच्यातली खोट मला दिसली न्हाय आनि मी ती दोस्ताच्या गळ्यात घातली. आता कस सांगायला तोंड न्हाय मला."

बसलिंगाप्पा जमिनीवरच बसले. बाळासोंना ती रीत ठाऊक होती, तीस वर्षं सोबत धंदा केलेल्या माणसाला ती ठाऊक असणारच. दारात येणं थांबलं, म्हणजे माल खोटा निघाला. त्यांनी तसंच समजून घेतलं होतं, आणि वळणावर रोज कण्हणारी गाडी ऐकून मान खाली घातली होती. ज्याला बसलिंगाप्पा चोराचं मन समजत होते, ते एका सरळ माणसाचं मन होतं.

"बाळासो," ते म्हणाले, "गाडी चांगली हुती. बारकी दांडी मी चारावर टाकलेली. तू नको म्हणलावतास. मी ऐकलं न्हवतं."

बाळासोंना समजायला वेळ लागला. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, की गाडीत खरंच काही नव्हतं. मग ते भिंतीकडे बघत राहिले. चिमणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बसलिंगाप्पा शिवीची वाट बघत होते. शिवी आली असती तर बरं झालं असतं.

"किती मिस्त्र्यांस्नी दावलीस?" बाळासोंनी हळू विचारलं.

"पाच. आजचा धरून सा."

"ह्या दारावरनं रोज जात हुतास," बाळासो म्हणाले. "एकदा मला दावायची हुतीस की."